तीन गाडग्यांचा रहाट

गेल्या महिन्यात एक गृहस्थ मला शोधत आले. घाटाच्या पायथ्याच्या एका गावचे, वय माझ्याएवढेच, पंचेचाळिशीचे. तापानंतर त्यांचा उजवा पाय गेला होता. कोणीतरी त्यांना सांगितले होते की खाडीकाठच्या एका मास्तरांचा पाय असाच गेला होता आणि आता ते रोज पायऱ्यांची पाखाडी चढून शाळेत जातात. औषध कोणते घेतले, एवढे विचारण्यासाठी ते बैलगाडीने आणि मग खाडीच्या तरीने दोन दिवस प्रवास करून आले होते.

मी त्यांना विहिरीवरचा रहाट दाखवला. कसे बसायचे, कोणता पाय बांधायचा, किती गाडग्यांपासून सुरुवात करायची, ते सगळे सांगितले. त्यांनी वहीत उतरवून घेतले. निघताना त्यांनी विचारले, "हे सुचलं कोणाला, मास्तर?"

"घरातच सुचलं," मी म्हणालो.

ते गेल्यावर मला जेवण गेले नाही. जिला सुचले तिचे नावही मी घेतले नाही. नाव घेतले असते तर त्यांनी पुढे विचारले असते, त्या आहेत का, भेटता येईल का. आणि मग उरलेले सांगावे लागले असते. त्या गृहस्थांना अर्धेच दिले म्हणून आता सगळे लिहितो आहे. पाय गेलेल्या माणसाला यातले काही उपयोगी पडेल. बाकीचे त्याच्या घरातल्यांच्या उपयोगी पडावे अशी माझी इच्छा आहे.

पाय आला नाही

गणपती जाऊन आठ दिवस झाले होते. मला चार दिवस ताप होता. पाचव्या दिवशी सकाळी तो उतरला. विहिरीवर तोंड धुवावे म्हणून उठलो, उजवा पाय खाली टाकला, पण डावा आला नाही. अंथरुणावर होता तसाच राहिला. बधिर झाला असेल असे वाटून मी हसलो. दोन्ही हातांनी उचलून तो खाली ठेवला आणि उभा राहिलो, तो तसाच जमिनीवर कोसळलो.

माझी बायको पार्वती पेजेचा वाडगा घेऊन दारात उभी होती. वाडगा खाली ठेवून ती तिथेच बसली. माझी थोरली बहीण माडांच्या आगरातून धावत आली. तिला आम्ही सगळे बाय म्हणत असू. माझ्या मुलीही तिला बायच म्हणत. तिने माझ्या डाव्या मांडीला नख रोवून चिमटा काढला. मी कळवळलो.

"लागतंय ना?" ती म्हणाली. "मग मेला नाय."

खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातले हसनभाई आमच्या वाडीचा माल होडीने रत्नागिरीला नेत. त्यांनी आणि बायने मला झोळीत घालून होडीपर्यंत नेले. हसनभाईंना धाप लागली होती. ते म्हणाले, "मास्तर, वजन हाय तुमचं. नुसती पोरं झोडून एवढं होत नाय." बाय हसली. मीही हसलो असेन. त्या दिवसातले हसणे तेवढेच.

इस्पितळात डॉक्टरांनी गुडघ्यावर लहान हातोडी मारून पाहिली, पायाचा अंगठा हलवायला सांगितला. अंगठा हलला नाही. ते म्हणाले, पायाला हुकूम देणाऱ्या ज्या नसा असतात त्यातल्या काही मेल्या आहेत. काही उरल्या असतील. किती, ते आज कोणी सांगू शकणार नाही.

"चालता येईल?" मी विचारले.

त्यांनी मला माझे काम विचारले. शाळामास्तर, मी म्हणालो. मग बसून करता येईल, ते म्हणाले. मी त्यांना सांगितले की शाळा वर डोंगरमाथ्याच्या सड्यावर आहे आणि तिथे जायला त्र्याण्णव पायऱ्यांची पाखाडी चढावी लागते. त्यावर त्यांनी पेनला टोपण लावले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

वाळूच्या पिशव्या

सहा आठवडे मी इस्पितळात होतो. पाय बाहेर कलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावलेल्या होत्या. सकाळी कंपाउंडर ताप बघे. मग झाडलोट, मग पेज, मग डॉक्टर. दुपारभर काही नाही. त्या काही नसलेल्या वेळात मी अंगठ्याकडे बघत बसे. हल, असे मनात म्हणे. रोज काही तास मी एका अंगठ्याला विनवण्या केल्या आहेत.

शेजारच्या खाटेवर माडावरून पडलेला एक माणूस होता. तो नवव्या दिवशी गेला. खाट धुऊन उन्हात ठेवली आणि संध्याकाळी तीच परत आत आणली. मला भीती मरणाची वाटत नव्हती. ओटीवर बसून राहिलेल्या माणसाची वाटत होती, ज्याला लघवीला नेण्यासाठी घरातल्यांनी कामातून उठावे लागते. तसे एक काका आमच्या वाडीत होते. मुले त्यांना चुकवून मागच्या दाराने जात.

लोकल बोर्डाकडून कागद आला. जूनपर्यंत रजा मंजूर होती. सुट्टी संपल्यावर हजर होता आले नाही तर जागेवर दुसरा मास्तर येईल. म्हणजे मला काय करायचे आहे ते ठरले. जूनपर्यंत त्र्याण्णव पायऱ्या.

पार्वती आठवड्यातून एकदा धाकटीला कडेवर घेऊन येई आणि रडे. एकदा मी तिला म्हणालो, "तुझं कुंकू शाबूत आहे, मग रडतेस कशाला?" आजारी माणसाला सगळे माफ असते अशी माझी समजूत होती. ती त्यानंतर माझ्यासमोर रडली नाही. फारशी बोललीही नाही.

बाय दर सोमवारी अनवाणी चालत येई. येताना उंडीच्या तेलाची बाटली आणी आणि माझा पाय मांडीवर घेऊन चोळत बसे. त्या कडू वासाने आजूबाजूच्या खाटांवरची माणसे तोंड फिरवत. एका सोमवारी ती एकाएकी थांबली आणि म्हणाली, "बाबू, परत कर."

मी काही केले नव्हते. पण मांडीच्या आत, गुडघ्याच्या वर, एक शीर तिच्या बोटांखाली हलली होती. मला कळले नव्हते, तिला कळले.

बाय

तिच्याविषयी इथेच सांगतो, नाहीतर पुढचे नीट कळणार नाही.

बाय माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिचा नवरा पटकीने गेला तेव्हा ती तिशीच्या आतली होती. मूल नव्हते. ती आमच्याकडे आली आणि आगर तिने अंगावर घेतले. वडील थकलेले, मी शाळेत. माड आणि पोफळी तिनेच जगवल्या.

आमच्या लोकांत विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरे लग्न होते. त्यात कमीपणा कोणी मानत नसे. दोन वर्षांनी पूर्णगडचा एक तांडेल, स्वतःची मोठी होडी, मचवा, असलेला विधुर, विड्याची पाने घेऊन बायला मागणी घालायला आमच्या ओटीवर आला. चांगला माणूस होता. मी तेव्हा शाळेत नुकताच कायम झालो होतो. वरच्या आळीतले लोक मला मास्तर म्हणून बसायला पाट देऊ लागले होते. त्यांच्यात विधवेचे लग्न होत नाही. मी तांडेलाला म्हणालो, मास्तराच्या घरात ही चाल आता बंद झाली. तो पाने तशीच ठेवून गेला.

बायला मी विचारले नाही. ती त्या वेळी रहाटावर होती. ओटीवरून मला त्याचा आवाज ऐकू येत होता.

चोवीस गाडगी

दिवाळीनंतर मला घरी आणले. काखेत कुबडी घेऊन उजव्या पायावर उड्या मारीत मी ओटी ते न्हाणीघर एवढे जाऊ शकत होतो. डावा पाय ओल्या दोरासारखा मागून येई.

कार्तिक संपला की आमच्याकडे आगराला शिंपणे सुरू होते, ते थेट मृगापर्यंत. आमचा रहाट पायाचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: विहिरीच्या तोंडावर लाकडी चाक, त्यावरून खाली पाण्यात सोडलेली दोराची माळ, माळेला चोवीस मातीची गाडगी. चाकासमोर फळीवर बसायचे, वरचे दांडे हातांनी ओढायचे, खालचे पायांनी ढकलायचे. गाडगी भरून वर येतात, पन्हळात ओततात, आणि पाणी चरांनी माडांच्या आळ्यांत जाते.

डॉक्टरांनी निघताना सांगितले होते की ज्या नसा उरल्या आहेत त्यांना काम दिलेत तर त्या राहतील. बाय म्हणाली, काम इथे आहेच. तिने मला फळीवर बसवले. पहिल्या दिवशी दोन फेऱ्यांत मी गळून गेलो. पंधरा दिवसांत चोवीसच्या चोवीस गाडगी भराभर वर येऊ लागली. महिन्याने मी सकाळचे सगळे शिंपणे एकटा करू लागलो. येणारेजाणारे कुंपणावरून बघत आणि मास्तरांना शाबासकी देत. मला वाटले, जिंकलो.

एक दिवस बाय विहिरीशी उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "बाबू, रहाट लंगडतोय."

मी म्हणालो, कण्याला तेल घाल.

"कण्याचा नाय आवाज. एक दांडा जोरात जातोय, एक नुसता जातोय."

मला राग आला. मी म्हणालो, शाळेत मास्तर मी आहे, तू नाहीस. तुला काय कळतं त्यातलं. ती आळी साफ करायला निघून गेली.

माघात हसनभाईंच्या होडीतून मी इस्पितळात दाखवायला गेलो. छाती काढून गेलो. डॉक्टरांनी फीत काढली आणि दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या मोजल्या, आणि दिवाळीच्या कागदाशी ताडून पाहिल्या. उजवी मांडी चांगली दोन बोटे वाढली होती. दंड वाढले होते. डावी मांडी होती तेवढीच होती. पोटरी थोडी उतरलीच होती.

मला समजावून सांगावे लागले नाही. लहानपणापासून रहाट ओढलेल्या माणसाचे अंग काम पुरे करायला शिकलेले असते. पाणी वर आले पाहिजे, एवढेच त्याला माहीत. हातांनी आणि चांगल्या पायाने पाणी वर आणले होते. डावा पाय दांड्यावर ठेवलेला होता आणि चाकाबरोबर फिरून येत होता. तीन महिने मी त्याला बैलगाडीत बसवल्यासारखे फिरवले होते. इतर कोणी असता तर तो दोन फेऱ्यांत थकून थांबला असता आणि डॉक्टरांना विचारून आला असता. मी रहाटात तरबेज होतो म्हणून फसलो.

जूनला चार महिने उरले होते.

पट्टी

घरी येऊन मी ओटीवर भिंतीकडे तोंड करून बसलो. दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी बाय माझ्यासमोर येऊन बसली.

"तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"हं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलली होती. तू म्हणालास, शाळेत मास्तर मी हाय." मग म्हणाली, "ऊठ. तुजा चांगला पाय लबाड हाय. त्याला बांधूया."

तिने आपले एक जुने लुगडे आधीच फाडून ठेवले होते. चार बोटे रुंद, तीन हात लांब पट्टी. माळेवरची एकवीस गाडगी सोडून तिने कुंपणाशी रचली होती. तीन ठेवली होती. मला फळीवर बसवून तिने माझा उजवा पाय फळीखालच्या खांबाला बांधला आणि हात मांडीवर ठेवायला सांगितले.

पहिल्या दिवशी चाक हलले नाही. मी पायाला हुकूम दिला, मांडीत काहीतरी थरथरले, आणि घाम फुटला. दुसऱ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी दांडा वीतभर खाली गेला आणि परत वर आला. बाय दात काढून हसली. होळीच्या आत एक गाडगे वर आले. वर येईपर्यंत त्यातले निम्मे पाणी सांडले होते. उरलेले पन्हळात पडले तेव्हा मी लहान मुलासारखा रडलो. ती म्हणाली, "रडून आळं भरत नाय. परत आण."

हे मी सविस्तर लिहितो, कारण पाय गेलेल्या माणसाला हेच हवे आहे. चांगला पाय बांधा. भार इतका कमी करा की लाज वाटेल. मग वाढवा. बायने एका वेळी एकच गाडगे वाढवले, तेही आदले गाडगे आठ दिवस न थांबता वर आले तरच. मी घाई केली की ती गाडगे काढून घेई. दुखले तर चालेल, थरथरले तर थांब, असा तिचा नियम होता. डॉक्टरांनी नंतर ऐकून मान हलवली आणि विचारले, कोणत्या वैद्याने सांगितले.

आता जे लिहायचे ते कठीण आहे.

तीन गाडग्यांवर आगर भिजत नाही. रहाट माझ्या पायाला दिल्यावर उरलेले पाणी आले कुठून? आगराच्या वरच्या टोकाला जुनी विहीर आहे. बाय तिथून दोराने कळशी ओढी आणि डोक्यावरून, कमरेवरून एकेका माडाला नेऊन ओती. पहाटेपासून ऊन चढेपर्यंत, आणि पुन्हा उन्हे कलल्यावर. फाल्गुन, चैत्र, वैशाख. मी फळीवर बसून ते बघत होतो. मला दिसत होते. मनात एवढेच येई की जूनपर्यंत.

एक दिवस ती पट्टी बांधत असताना मी तांडेलाचा विषय काढला. म्हणालो, बाय, त्या वेळी मी तुला विचारायला हवं होतं.

ती गाठ मारीत राहिली. मग म्हणाली, "राग आला होता. लय वर्सं झाली त्याला." आणि मग, "तांडेलाला तीन पोरं झाली. तिघांचे पाय धड हायत. मी गेली असती तर तुला कुणी बांधलं असतं? बोलत बसू नको. पाय चालव."

मी पाय चालवला. तिने मला माफ केले की विषय संपवला, ते मला तेव्हा कळले नाही आणि आजही कळत नाही.

वैशाख

नऊ गाडग्यांवर आलो होतो. कुबडी सुटून काठी आली होती. संध्याकाळी पाखाडीच्या पहिल्या वीस पायऱ्या मी चढून उतरत असे.

एका सकाळी फळीवर बसलो आणि पट्टी घेतली, तर ती अपुरी. एका टोकाची वीतभर फाडून घेतलेली. मी ओरडून विचारले की पट्टी कोणी फाडली.

"मी," बाय माडाच्या आळ्यातून म्हणाली. "पायाला जरा लागलंय."

कुंपणाशी रचलेल्या गाडग्यांतले एक फुटले होते. त्याची खापरी शेणखतात पडली होती आणि कळशी घेऊन येताना तिच्या तळपायात घुसली होती. खापरी काढून, हळद आणि चुना दाबून तिने वर चिंधी बांधली होती.

मी म्हणालो, "घरात दुसरी चिंधी नव्हती? ही माझ्या पायाची पट्टी आहे."

"जवळ तीच होती."

ती आली आणि ओढून ताणून गाठ मारली. मग कळशी उचलून गेली. जाताना लंगडत होती. हे मी पाहिले. लंगडणे म्हणजे काय हे त्या वाडीत कोणाला कळत असेल तर मला. तरी मी समोर वळलो आणि दांड्यावर पाय ठेवला.

दहा-बारा दिवसांनी जेवताना तिने भाकरी पेजेत बुडवली. दाढ धरली आहे, तोंड उघडत नाही, म्हणाली. पार्वतीने लवंग दिली. मी म्हणालो, या वयात दाढा जायच्याच. दुसऱ्या दिवशी तिची मान ताठली. तिसऱ्या दिवशी दुपारी आळ्यात पाणी ओतताना तिची पाठ धनुष्यासारखी वाकली आणि ती कळशीसकट पडली. पार्वतीच्या किंकाळीने मी उठलो. पट्टी सोडायचे भान नव्हते. खांबाला बांधलेला पाय ओढत मी फळीवरून खाली पडलो.

हसनभाईंनी लगेच होडी काढली आणि वल्ही मारीत आम्हांला रत्नागिरीला नेले.

तेच इस्पितळ, तेच डॉक्टर. त्यांनी तिच्या पायाची चिंधी सोडली, बघितली आणि विचारले, हे किती दिवसांचं आहे. मी सांगितले. ते म्हणाले, धनुर्वात आहे. अगदी सुरुवातीला आणले असते तरी खात्री देता आली नसती. हे त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितले. ते दयेने बोलले हे मला माहीत आहे.

तिला कोपऱ्यातल्या अंधाऱ्या खोलीत ठेवले होते. उजेडाने, आवाजाने झटके येत. आणल्याच्या दुसऱ्या दिवशी मी भिंतीला धरून आत गेलो आणि खाटेजवळ बसलो. झटका ओसरला होता. दात आवळलेले होते, त्यातूनच ती बोलली. "आज बांधलास?"

"बांधला," मी म्हणालो. "दहा आणली."

तिने डोळे खाली वळवून माझी उजवी नडगी बघितली. पट्टीचा वळ रोज संध्याकाळपर्यंत राहत असे. त्या दिवशी वळ नव्हता.

"लबाड," ती म्हणाली.

त्यानंतर तिला बोलता आले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

मडके

होडीतून तिला वाडीत आणले. तिला मूल नव्हते, म्हणून विस्तवाचे मडके धरून पुढे चालायचे माझ्याकडे आले. लोक म्हणाले, मास्तरांना जमणार नाही, दुसऱ्या कोणाकडे द्या. मी म्हणालो, मीच. दोन्ही हात मडक्याला गुंतले म्हणजे काठी नाही.

आमच्या घरापासून मसणवट लांब आहे, आणि शेवटचा तुकडा खाडीच्या मुखाशी वाळूतून जातो. मी चाललो. वाळूत डावा पाय घोट्यापर्यंत रुते आणि निघे. मांडी थरथरत होती, पण धरत होती. अर्ध्या वाळूत माझ्या ध्यानात आले की मी काठीशिवाय चालतो आहे, इतके अंतर मी आठ महिन्यांत चाललो नव्हतो, आणि पाय धरतो आहे. मला आनंद झाला. क्षणभर, पण झाला. माझ्या मागून माझ्या बहिणीची तिरडी येत होती.

हे मी कोणाला सांगितलेले नाही. पार्वतीलाही नाही. तेराव्यानंतर तिने मला एवढेच म्हटले, "तुमच्या पायापुढं घरातल्या कुणाचाच पाय दिसला नाय." ती माझ्यावर ओरडली नाही. ओटीवर तांदूळ निवडत होती, ते तिने पुढे निवडले. आम्ही एका घरात राहतो, एकमेकांची काळजी घेतो. पण ते वाक्य आमच्यामध्ये आहे.

आता

जूनमध्ये मी पाखाडी चढलो. चार ठिकाणी बसलो, पण घंटा होण्याआधी वर्गात होतो. मुले उठून उभी राहिली. मीही उभाच राहिलो. शाळा तपासणारे डेप्युटी येऊन शेरा लिहून गेले. जागा राहिली. ज्यासाठी सगळे चालले होते ते मला मिळाले.

पाय पूर्ण बरा झालेला नाही, होणारही नाही. चढणीवर तो मागे राहतो, आणि दोन दिवस काम दिले नाही तर लगेच उतरतो. ज्यांचा पाय असाच गेला आहे त्यांनी हे ओळखून असावे. उरलेल्या नसांवर चालायचे आहे, आणि त्यांना रोज विचारावे लागते. वरच्या विहिरीवर मी आता पाणी ओढायला गडी ठेवला आहे. तो एका वेळी एकच कळशी नेतो आणि दुपारी झोपतो. तसाच माणूस बायच्या हाताखाली ठेवायला तेव्हा काहीच अडचण नव्हती. मला सुचले नव्हते, एवढेच.

त्या गृहस्थांना मी पत्र लिहून बायचे नाव कळवणार आहे. आणखी एक लिहीन. तुमचा पाय जो कोणी चोळतो, बांधतो, त्याला आज संध्याकाळी समोर बसवा आणि त्याचे तळपाय बघा. तो नको म्हणेल. तरी बघा.

रहाटावर मी रोज सकाळी बसतो. सध्या चौदा गाडगी आहेत. उजवा पाय माझा मीच बांधतो. पार्वतीने एकदा नवी पट्टी शिवून दिली, ती मी फळीच्या कडेला घडी करून ठेवली आहे. जुनीच वापरतो. ती वीतभर अपुरी आहे. खाली वाकून, श्वास रोखून, दोन्ही टोके ओढून धरावी लागतात, तेव्हा गाठ जेमतेम बसते.